मागच्या भिंतीतला देव

वय झालं की माणसानं सगळं विसरावं, माफ करावं, असं आता मला बरेच जण सांगतात. करावं ज्याचं त्यानं. मी माझ्या थोरल्या दिरांना माफ केलेलं नाही. त्यांचं मी जे उट्टं काढलं ते आठवलं की आजही, गुडघे ठणकत असतानासुद्धा, पोळपाटाशी बसल्या बसल्या मला हसू फुटतं. ते आता या जगात नाहीत. म्हणून काय झालं? ते होते तेव्हा त्यांनी मला सोडलं होतं काय?

थोरल्या दिरांना घरात सगळे अण्णा म्हणत. सोलापुरात चाटी गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, अंगावर डाग शोधून सापडणार नाही असं धोतर आणि बोलणं असं, की समोरच्याला आपण त्यांच्या दारात उधार मागायला आलोय असंच वाटावं. सासरे गेल्यापासून घरचा कारभार त्यांच्याच हातात होता. आमचे हे धाकटे. स्वभावानं इतके गरीब की भाजीत मीठ नसलं तरी विचारत नसत, वरून घ्यायचे. अशा माणसानं एक दिवस अण्णांपुढं उभं राहून सांगितलं, की मला दुकानात बसायचं नाही, मी लाँड्री काढणार. त्या दिवशी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी संध्याकाळी शेंगापोळी केली.

अण्णांना ती लाँड्री पहिल्या दिवसापासून खुपत होती. लोकांचे मळके कपडे आपल्या घरात, म्हणून ते नाक मुरडायचे. पण पुढच्या दोन खोल्या यांच्या वाटणीच्या होत्या, मागचं जुनं न्हाणीघरही यांचंच होतं, त्यामुळं त्यांचं काही चालेना. स्टेशनाजवळच्या लॉजच्या चादरी आम्हाला मिळाल्या आणि धंदा पायावर उभा राहिला. अडचण एकच होती, वाळवण्याची. सोलापुरात ऊन काय कमी आहे, असं कुणीही म्हणेल. ऊन होतं हो, पण त्या काळात गिरण्यांच्या चिमण्यांची काजळी गच्चीवर पडायची. पांढरी चादर दोरीवर घातली की तासाभरात तिच्यावर काळे ठिपके. परत धुवा. त्यात भाद्रपद-आश्विनात ढग आले की दोन दोन दिवस चादरी ओल्याच, आणि लॉजवाला तर दारात उभा.

तेव्हा यांना कळलं, की मुंबईतल्या एका हॉटेलानं कपडे वाळवायचं जुनं मशीन काढून टाकलंय. ते आलं ते माझ्या पाटल्यांवर. माझ्या वडिलांनी बार्शीला आयुष्यभर अडतीवर कारकुनी करून त्या केल्या होत्या. मी त्या हातातनं काढून यांच्यापुढं ठेवल्या, तेव्हा मला रडू आलं नाही. पण मशीन बैलगाडीतनं उतरवताना एका बाजूला कलंडलं, तेव्हा मात्र माझ्या काळजात लक्कन झालं. माझ्या दृष्टीनं त्या गाडीत माझ्या पाटल्याच होत्या.

मशीन आम्ही जुन्या न्हाणीघरात बसवलं. त्याच्या पोटात मोठा पिंप फिरायचा, विजेच्या कॉइलीवर तापलेली हवा पंखा त्यातनं ओढायचा, आणि कपड्यांतली वाफ घेऊन ती हवा पत्र्याच्या नळीतनं बाहेर पडायची. मागच्या भिंतीत पूर्वीच्या बंबाच्या धुराचं गोल भोक होतंच, मिस्त्रीनं नळीचं तोंड तिथंच बसवलं. मला त्यानं दोनच गोष्टी शिकवल्या. कपड्यांचा निघणारा कापूस अडवायला आत जाळी आहे, ती रोज झाडायची. आणि मशीन फार तापलं तर आपोआप बंद पडतं. मग ते गार होऊ द्यायचं आणि मागचं लाल बटण दाबायचं. हे आपल्याला शिकवायचं सोडून तो बाईला का शिकवतोय, असं अण्णांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. हे पुढं गिऱ्हाईक बघायचे, मागं मशीन मी चालवायची. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरात एक खोली अशी होती, जिची किल्ली माझ्या कमरेला होती.

आमच्या घरामागं एक बोळ आहे. येणारा जाणारा तिथं भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. वास असा की बायका त्या बाजूला फिरकतच नसत. त्या वर्षी नवरात्राच्या आधी अण्णांनी यावर तोडगा काढला. गवंडी बोलावून त्यांनी बोळातल्या भिंतीत देवळी करून घेतली आणि शंकराचं चित्र असलेली मोठी फरशी तिच्यात बसवली. आता देवासमोर कोण उभा राहतोय? बोळ आठवड्यात स्वच्छ झाला. दर सोमवारी अण्णा तिथं आरती करू लागले, गल्लीतली माणसं जमू लागली. माझी जाऊ, आम्ही तिला अक्का म्हणायचो, नैवेद्याचं ताट घेऊन जायची. हे त्या वेळी गिऱ्हाइकांत गुंतलेले असायचे, आणि मी मात्र एकदाही गेले नाही. ज्या माणसानं माझ्या मशीनला कधी हळदकुंकू लावू दिलं नाही, त्याच्या आरतीला मी जायचं? हट्टच केला म्हणा की.

आणि मग एका सोमवारी देवाला घाम आला. भर आरतीत फरशीच्या कडेनं थेंब उमटले, ओघळून खाली आले. अक्का धापा टाकत घरात आली आणि मला म्हणाली, देव जागृत झाला. पुढच्या सोमवारी बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. पेठेतनं माणसं येऊ लागली, कुणी तो घाम बोटानं टिपून पोरांच्या कपाळाला लावू लागलं. अण्णांचं तर विचारूच नका. चालणंच बदललं त्यांचं. दुकानात गिऱ्हाईक कापड बघायला कमी आणि त्यांच्या पाया पडायला जास्त यायचं, असं हे सांगायचे.

नेमकं त्याच दिवसांत माझं मशीन बिघडायला लागलं. आधी चादरी वाळायला दुप्पट वेळ लागू लागला. बाहेर काढाव्यात तर गरम असायच्या, पण कोरड्या नाहीत, इडलीपात्रातनं काढल्यासारख्या दमट. मग मशीन मध्येच टक् करून बंद पडू लागलं. लाल बटण दाबलं की चालू, थोड्या वेळानं परत टक्. दसरा दिवाळीचे दिवस, लॉजच्या चादरींचा ढीग माझ्या छातीला लागलेला.

मी काय काय नाही केलं? जाळी झाडली, धुतली, उन्हात घातली. पिंप फिरवणारा पट्टा सैल होता, तो बदलून आणला. फ्यूज तपासले. आमच्या गल्लीतला वायरमन म्हातारा आणि मनानं चांगला होता, त्याला बोलावलं. त्यानं कॉइल बदलली, पंख्याची मोटार उघडून तेल घातलं, आतनं नळी हलवून बघितली. नळी जागच्या जागी, कुठं फट नाही. दोन वेळा येऊन तो हात झटकत म्हणाला, की भाभी, सगळं ठीक हाय, तरी का बंद पडतंय ते माझ्या टकुऱ्यात शिरंना. त्याच्या हातनं झालं नाही आणि माझ्याही झालं नाही. शेवटी कुठं आग लागेल या भीतीनं यांनी मशीनचा मेन स्विचच पाडून ठेवला. ओल्या चादरी परत गच्चीवर गेल्या आणि काजळीचे ठिपके घेऊन परत आल्या.

मशीन बंद झालं आणि तिकडं देव कोरडा पडला. पुढचा सोमवार गेला, थेंब नाही. लोक ताटकळून परत गेले. अण्णा घरी आले ते लालबुंद होऊन. जेवायला बसले, पण ताटाला हात लावला नाही. सगळ्यांसमोर मला म्हणाले,

"देव रुसला तो तुझ्यामुळं. त्याच्या पाठीला लागून बाईमाणूस लोकांची अंथरुणं वाळवतंय, हे त्याला सोसत नाही. येत्या सोमवारी आरती झाली की भंगारवाला गाडी घेऊन येईल. ते धूड जाईल, आणि तू चूल बघशील."

यांनी तोंड उघडलं, पण अण्णांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि ते मिटलं. स्वयंपाकघरात जाऊन मी परातीत पीठ घेतलं आणि इतकं तिंबलं की त्याच्या भाकरी होण्यासारख्या राहिल्या नाहीत. माझ्या पाटल्या भंगारात. वडिलांचं आयुष्य भंगारवाल्याच्या गाडीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. याला नाक घासायला लावलं नाही तर मी बार्शीची नव्हे, एवढंच डोक्यात घण मारल्यासारखं वाजत होतं.

दोन दिवसांनी अक्का माझ्याशेजारी शेंगा सोलत बसली होती. ती बाई वाईट नव्हती, फक्त घाबरट होती. सहज म्हणाली, "तुझं ते मशीन बी काय वेळेला बंद पडलं बग. देवाला घाम यायचा तवा मागनं त्याची घरघर कशी घुमायची. आरतीला ताल धरल्यावानी."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी विचारलं, देवळी नेमकी कुठं आहे? ती म्हणाली, कुठं म्हंजे, बंबाच्या धुराचं ते जुनं भोक न्हवतं का, त्यातच की. अण्णांनी गवंड्याला सांगितलं, आयती गोल जागा हाय, बंब तर कवाच गेला, मागनं पत्रा मार आणि बसव.

अण्णा दुकानात गेल्यावर मी पदर डोक्यावर घेऊन पहिल्यांदा त्या बोळात गेले. देव होता तिथंच, हार घातलेला, आणि खडखडीत कोरडा. परत आत आले, दोन ओल्या चादरी पिंपात टाकल्या, मेन स्विच वर केला, लाल बटण दाबलं आणि मशीन चालू केलं. नळीवर हात ठेवला, भिंतीपर्यंत चटका बसत होता. पळत पळत बोळात गेले. फरशीच्या डाव्या कडेला एक थेंब फुगला, थरथरला आणि शंकराच्या जटेवरनं खाली आला. मी तिथंच भिंतीला टेकून हसत सुटले. समोरचा पानवाला माझ्याकडं बघायला लागला, तेव्हा पदर तोंडात कोंबला.

म्हणजे मशीनला काही झालेलंच नव्हतं. त्याच्या तोंडात अण्णांनी बोळा घातला होता. वाफेला बाहेर जायला वाट नाही, म्हणून कपडे दमट. नळीत ओल्या कापसाचा चोथा साठत गेला, म्हणून ते तापून बंद पडत होतं. आणि जी चार थेंब वाफ कडेनं झिरपत होती, तिला गल्ली तीर्थ म्हणत होती. बिचाऱ्या देवाचा यात काहीएक दोष नव्हता.

यांना सांगितलं तर ते लगेच निघाले, अण्णांना समजावून सांगतो म्हणून. मी त्यांचा हात धरला. चांगल्या शब्दांत सांगून मिटण्यासारखं ते होतं, हे मलाही कळत होतं. पण मला मिटवायचंच नव्हतं. सगळ्यांसमोर मला बोलले होते ना? मग सगळ्यांसमोरच. मी यांना म्हटलं, सोमवारी तुम्ही फक्त मशीनजवळ उभं राहायचं, बंद पडलं की गार होऊ द्यायचं आणि लाल बटण दाबायचं. बाकी मी बघते.

सोमवारी संध्याकाळी बोळ पुन्हा भरला. देव आज तरी प्रसन्न होतो का बघायला माणसं आली होती. बोळाच्या तोंडाशी भंगारवाल्याची गाडी उभी, बैल रवंथ करतोय. मी ओल्या चादरींनी पिंप भरला, मशीन चालू केलं, यांना तिथं उभं केलं आणि बाहेर येऊन बायकांच्या पुढं जाऊन उभी राहिले. अण्णांनी मला बघितलं, भुवई वर केली. त्यांना वाटलं, मी हात जोडून शरण आले आहे.

आरती अर्ध्यावर आली आणि थेंब आला. मग दुसरा. बोळात एकदम हर हर महादेवचा गजर झाला. अण्णांचे डोळे भरून आले. आरती संपली. प्रसाद घ्यायच्या निमित्तानं मी त्यांच्या अगदी जवळ गेले आणि त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"अण्णा, मशीन चालू आहे. ते बंद केलं की देव कोरडा. तुम्ही माझ्या नळीवर देव बसवलाय."

त्यांनी कान दिला. भिंतीतनं घरघर येत होती. तेवढ्यात आत टक् झालं, घरघर थांबली आणि बघता बघता फरशीवरचं ओघळणं मंदावलं. त्यांनी फरशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. कपाळाला आठ्या पडून विभूतीचे पट्टे मोडले. इतक्या वर्षांत तो माणूस मला पहिल्यांदाच घाबरलेला दिसला, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मी माझी अट सांगितली. मी लोकांना काही सांगणार नाही, अवाक्षर नाही. पण देव आत्ताच्या आत्ता हलवायचा, त्यांच्या हातानं, आणि त्यांनी सगळ्यांना सांगायचं, की तशी देवाची आज्ञा झाली आहे. काय सांगायचं तेही मीच सांगितलं. त्यांनी ओठ चावला, मान हलवली.

अण्णा लोकांकडं वळले आणि खर्जात म्हणाले, की देवाला या जागी उकडतं, त्याला दोन हात बाजूला जायचं आहे. लोकांनी माना डोलावल्या. अण्णा पुढं म्हणाले, आणि मशीन घरातच राहू द्यावं, असाही कौल मिळाला आहे. भंगारवाल्यानं कपाळावर हात मारला. एवढं बोलून ते थांबले. मी जरा खाकरले. तेव्हा खाली बघत त्यांनी राहिलेलं वाक्य पुरं केलं, की मशीन धाकटी सून चालवते, तिला घरात कुणी काही बोलू नये. अक्कानं डोळे एवढे मोठे केले.

छिन्नी-हातोडा आणायला माणूस गेला. मी आत आले. हे घामाघूम होऊन मशीनजवळ उभे होते, आतापर्यंत ते गार झालं होतं. त्यांनी मला विचारलं, "झालं ना सगळं? मग आता बंदच ठेवू का?"

मी लाल बटणावर बोट ठेवलं. बंद ठेवण्यासारखं सगळं झालं होतं. मशीन वाचलं होतं, किल्ली माझ्या कमरेलाच राहणार होती. पण मला परातीतलं ते पीठ आठवलं.

"नको," मी म्हटलं, आणि बटण दाबलं.

बोळात अण्णांनी फरशी अगदी अलगद सोडवली, पाटावर वस्त्र घालून देव त्याच्यावर ठेवला, नमस्कार केला. मग राहिलेला पत्रा उचकटायला ते भोकाच्या अगदी समोर वाकले. पत्र्याची एक कड सुटली मात्र, आतली सगळी दाबलेली हवा भसकन बाहेर आली आणि तिच्याबरोबर साठलेला ओल्या कापसाचा चोथा, गोळेच्या गोळे, सगळा अण्णांच्या तोंडावर. विभूती पुसली गेली. भुवया, मिशा, ते बिनडागाचं धोतर, सगळीकडं लॉजच्या चादरींचा मळकट कापूस चिकटला. मागनं गरम वारा येतच होता. बोळभर साबणाचा आणि वाळत्या कपड्यांचा वास पसरला.

समोरचा पानवाला म्हणाला, "हे तर लाँड्रीचं धुराडं की हो." पहिल्यांदा पोरं हसली, मग बायका, आणि मग बोळातलं कुणीच हसायचं राहिलं नाही. अण्णा डोळे मिटून तसेच उभे. मी परत बोळात येऊन बायकांमागं उभी होते. मी शब्द पाळला होता, कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

देव दोन हात बाजूला बसला. तो आजही तिथं आहे आणि बोळ आजही स्वच्छ आहे. घाम मात्र त्याला पुन्हा आला नाही. त्या रात्रीच्या जेवणाआधी अक्का खाली मान घालून माझ्याकडं आली, हातात अण्णांचं ते धोतर. मी ते धुतलं, मशीनमध्ये टाकलं. आता चांगला श्वास घेत होतं ते, टक् नाही की काही नाही. धोतर खडखडीत वाळलं, मी त्याची घडी घातली आणि गरम गरमच अक्काच्या हातावर ठेवलं.

"अण्णांना म्हणावं," मी म्हटलं, "घाम सगळा गेलाय."